परवाना एकाचा, बंदूक घराची

करमाडच्या माणसाला बंदुकीचा परवाना हवा असेल तर त्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, कारण आमचं ठाणं ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत. जालना रोडने शहराकडे निघालं, शेंद्र्याचे कारखाने मागे टाकून मुकुंदवाडी गाठली, की तिथल्या माणसाचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे. जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारलं तर विभागीय आयुक्तांकडे अपील, तिथेही जमलं नाही तर उच्च न्यायालयाचं खंडपीठ. अपिलाची ही दोन्ही ठिकाणं छत्रपती संभाजीनगरातच असल्याने करमाडला घर आणि शहरात फौजदारी वकिली असलेल्या माझ्या टेबलावर जालन्याच्या, परभणीच्या, बीडच्याही फायली येतात. परवाना मागणाऱ्यांची बाजू मी मांडतो, आणि परवान्याच्या हत्यारातून गोळी सुटल्यावर उभे राहणारे खटलेही लढवतो. हा लेख या दोन्ही बाजूंच्या कागदांतून आला आहे.

अर्जाच्या फायलीत सातबारा हमखास असतो. त्यामागे आयकराचं विवरणपत्र, व्यवसायाचा दाखला, कधी एखाद्या पुढाऱ्याचं शिफारसपत्र. मालमत्ता मोठी म्हणून धोका मोठा, असा सगळा युक्तिवाद. खरं तर १९५९ चा शस्त्र कायदा श्रीमंतीकडे बघतच नाही. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असं कलम १४ स्पष्ट सांगतं. यामागे इतिहास आहे. व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या कायद्याने भारतीयांना परवान्याची सक्ती केली आणि युरोपीयांना मोकळं सोडलं. स्वतंत्र देशाच्या संसदेला ती माणसामाणसांतली वर्गवारी पुसायची होती. तरी फायलीत सातबारा येतोच.

सातबाऱ्याशेजारी मी हल्ली दिवाणी दाव्याचे कागदही मागवून घेतो. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या, मोबदला आला, उरलेल्या एकरांचे भाव चढले, आणि भावाभावांत, चुलत्या-पुतण्यांत वाटणीचे दावे लागले. अर्जात लिहिलेलं असतं, 'अज्ञात इसमांपासून जीवितास धोका'. दाव्यातल्या प्रतिवादीचं नाव मात्र अर्जदाराच्याच आडनावाचं. ज्याच्यापासून संरक्षण हवं तो एकाच बांधावर, कधी एकाच वाड्यात राहतो.

दुसरा मोठा गट पीकसंरक्षणाचा. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत मक्याचं काय करतात हे ज्यानं पाहिलंय तो या मागणीला हसणार नाही. कायद्यानेही तिची दखल घेतली आहे: खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची बारा बोअरसारखी बंदूक, एवढ्यासाठी नागरिकाला परवाना द्यावा असं कलम १३ म्हणतं. बाकी हत्यारांसाठी सबळ कारण पटवावं लागतं. ठासणीची बंदूक आवाज करते, कळप पांगवते. जनावर मारायचं तर वन विभागाची परवानगी वेगळी लागतेच. पण अलीकडे शेतकरी म्हणून येणाऱ्यांतही पुष्कळांना पॉइंट बत्तीसचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हवं असतं, कमरेला लावता येणारं. काळोखात मक्यात शिरलेल्या रोह्यावर त्याचा काय उपयोग, असं विचारलं की अर्जदार म्हणतो, "वकीलसाहेब, जनावराचं सोडा, माणसावर वचक पायजे."

वचक बसवण्यासाठी घेतलेलं हत्यार दाखवावंच लागतं. मग ते वरातीत हवेत वाजतं, वाढदिवसाच्या फलकावर आणि रीलमध्ये येतं. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक ठिकाणी हत्यार मिरवायला बंदी घातली आणि २०१९ च्या दुरुस्तीने जल्लोषातला बेफिकीर गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा केला. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. पहिला बदल मला पटतो, दुसरा अजिबात पटत नाही. पाच वर्षांत माणसाचं दारूचं प्रमाण बदलतं, कर्ज बदलतं, मुलगा तेराचा अठराचा होतो. तेवढा काळ कुणी विचारायलाही जात नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एका अर्जदाराबरोबर त्याची पत्नी माझ्या कार्यालयात आली होती. नवरा झेरॉक्स काढायला खाली उतरला तशी ती म्हणाली, "साहेब, तुमची फी आम्ही देऊ. पण हे होऊ देऊ नका. त्यांना राग आला की मी लेकरं घेऊन शेजारी जाऊन बसते." मी पुढे ती फाइल चालवली नाही. पण त्या बाईचं म्हणणं सरकारी कागदावर यायला वावच नव्हता. पोलीस ठाण्याचा माणूस चौकशीला येतो, पोलीस पाटलाला भेटतो, शेजाऱ्यांचे जबाब घेतो, गुन्हे दाखल आहेत का पाहतो. डॉक्टर शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र देतो. गावात वर्तणूक चांगली, असा शेरा येतो. ज्या घरात बंदूक राहणार, त्या घरातल्या माणसांना मात्र कुणी विचारत नाही.

कॅनडात विचारतात. तिथे परवान्याच्या अर्जात सध्याच्या जोडीदाराची, आणि गेल्या दोन वर्षांत वेगळा झालेला जोडीदार असेल तर त्याचीही माहिती द्यावी लागते. त्यांची सही नसेल तर सरकार त्यांना स्वतः कळवतं. त्यांच्या हातात नकाराधिकार नसतो, पण हरकत नोंदवायची वाट असते.

आपला कायदा हत्यारांची दोनच खाती करतो: परवान्याचं आणि बिनपरवान्याचं. चोपडा तालुक्याच्या पलीकडे बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीकडून येणारा गावठी कट्टा कुणाच्या कमरेला सापडला, तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद. ते योग्यच आहे. पण परवानाधारकाने परवान्याच्या अटी मोडल्या, तर कलम ३० खाली जास्तीत जास्त सहा महिने किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. बंदूक सुरक्षित, कुलुपात ठेवायची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी त्याच्यावर टाकली खरी, पण ती मोडल्याची किंमत ही एवढी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सहा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. २ तारखेला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळीबार झाला. जागेचा वाद होता आणि आरोपी होते तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड. ८ तारखेला दहिसरमध्ये मॉरिस नोरोन्हाने माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुकवरच्या थेट प्रक्षेपणातच गोळ्या घातल्या आणि नंतर स्वतःलाही संपवलं. ते पिस्तूल नोरोन्हाचं नव्हतं; परवाना त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. अंगरक्षकाला अटक झाली ती शस्त्र कायद्याखाली.

आपलं हत्यार दुसऱ्याच्या हाती पडू देणाऱ्याला त्या मृत्यूबद्दल जबाबदार धरता येईल का? आपल्याकडे ते अवघड आहे. साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने कुरबान हुसेन मोहम्मदअली रंगवाला यांच्या खटल्यात निकाल दिला. मुंबईतल्या रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार गेले होते. ज्वालाग्राही माल आणि विस्तव जवळजवळ ठेवला ही व्यवस्थापकाची हयगय न्यायालयाला मान्य होती, त्याबद्दल शिक्षाही झाली. पण निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या आरोपातून तो सुटला, कारण मृत्यूचं थेट आणि निकटचं कारण दुसऱ्याची कृती होती. हे तत्त्व आजही चालतं. बंदूक उशाखाली ठेवणारा आणि चाप ओढणारा यांच्यामध्ये दुसऱ्याची जाणूनबुजून केलेली कृती उभी राहिली, की पहिल्यापर्यंत पोचणारी कायद्याची साखळी तुटते. बचाव पक्षाचा वकील म्हणून मी हाच निकाल वाचून दाखवीन, आणि तो योग्यही असेल. म्हणूनच ही पोकळी संसदेने भरायला हवी.

मिशिगनमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ ला ऑक्सफर्डच्या शाळेत पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल चारच दिवसांपूर्वी वडिलांनी त्याच्यासाठी विकत घेतलेलं. त्या दिवशी सकाळी मुलाने गणिताच्या कागदावर काढलेलं बंदुकीचं चित्र पाहून शाळेने आईवडिलांना बोलावलं होतं. ते भेटून मुलाला तिथेच ठेवून परतले. २०२४ मध्ये जेनिफर आणि जेम्स क्रम्बली या आईवडिलांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरून दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. बंदूक बाळगणं हा १७९१ पासून घटनेतला हक्क मानणाऱ्या देशात हे घडलं. तिथले बंदूकप्रेमी वर्षानुवर्षं सांगत आले की कायदे नकोत, वैयक्तिक जबाबदारी हवी. ज्यूरीने ते शब्दशः घेतलं. आपल्याकडे तर तो हक्कच नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा हत्यारांची स्वतःहून दखल घेताना अमेरिकेशी तुलना करून हा फरक सांगितला. हक्क नसलेल्या देशात जबाबदारी अमेरिकेहून सैल असावी, याला मला काही आधार दिसत नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं: ज्याला करायचं तो करतोच, बंदूक नसली तर कोयता. मराठवाड्यात राहणाऱ्याने तरी हे म्हणू नये. आपल्या गावांनी घरात ठेवलेल्या कीटकनाशकाने गेलेली माणसं पाहिली आहेत. श्रीलंकेने नव्वदच्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आणली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या दोन दशकांत सत्तर टक्क्यांहून अधिक उतरलं. दुःख, कर्ज, भांडणं तिथेही संपली नव्हती. त्या क्षणी हाताशी काय होतं, यावर जीव जाणं-राहणं ठरलं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणजे चोरासाठी आणलेलं हत्यार बहुतेकदा घरातल्याच माणसाचा जीव घेतं.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीत जगलेल्या गावांत बंदुकीला काय मोल होतं, हे आमच्या आधीच्या पिढीकडून ऐकलं आहे. आजही आडरानातल्या वस्तीवर एकट्या कुटुंबाला पोलीस पोचेपर्यंत तास लागू शकतो. अशांना परवाना मिळाला पाहिजे, आणि लवकर मिळाला पाहिजे. तो त्यांच्याऐवजी ज्यांच्यामागे गुन्हे आहेत त्यांना मिळतो, ही माझी तक्रार आहे. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्यात बंदूक वापरलेली नव्हती. तरी त्या निमित्ताने बीड जिल्ह्यातले परवाने मोजले गेले, ते बाराशेहून अधिक निघाले, आणि छाननीत शंभराहून अधिक रद्द झाले. रद्द करण्याची कारणं त्या फायलींमध्ये आधीपासून असतील तर ती वाचायला एका सरपंचाचा जीव जावा लागला, याचा मला संताप येतो.

निवडणुका आल्या की मात्र छाननी होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा न करता समितीने एकेक परवानाधारक तपासावा, अशी पद्धत आहे. जे निवडणुकीसाठी जमतं ते नूतनीकरणालाही जमावं. कपाट बघावं, कुलूप बघावं, काडतुसांचा हिशेब घ्यावा, घरातल्या प्रौढांना अर्जदाराच्या माघारी विचारावं.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. अर्जासोबत पत्नीचं आणि सज्ञान मुलांचं निवेदन आणि कुलुपाच्या कपाटाचा फोटो मी जोडतो. निवेदन मी स्वतः, त्यांच्याशी वेगळं बोलून घेतो. काही अशील एवढ्यावरून दुसऱ्या वकिलाकडे जातात. काही अधिकारी ते वाचतात, काही बाजूला ठेवतात, कारण ठरलेल्या नमुन्यात त्याला रकाना नाही. तो रकाना घालायला नवा कायदा लागत नाही. नियम करण्याचा अधिकार कलम ४४ ने केंद्र सरकारला दिला आहे. आणि केंद्राने तो वापरला नाही तरी कलम १३ जिल्हाधिकाऱ्यांना पोलीस अहवालाखेरीज आवश्यक वाटेल ती चौकशी करू देतं. करमाड ठाण्याचा जमादार चौकशीला जातो तेव्हा ओट्यावर बसून शेजाऱ्यांचे जबाब लिहितोच. सोबत महिला शिपाई नेऊन घरातल्या बाईचा जबाब स्वतंत्र लिहून घ्यावा, एवढं एका परिपत्रकाने उद्यापासून सुरू करता येईल.