वाळत घातलेले जाळे

रविवारी फजरची नमाज झाली की आम्ही तिघे दूधबाजारात चहा घेतो आणि दोन गाड्यांवर नाशिकबाहेर पडतो. वीस-बावीस वर्षांचा हा शिरस्ता आहे. आमच्यातले एक उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, एकाचे मोटारसायकलच्या सुट्या भागांचे दुकान म्हणून त्याला सेठ म्हणायचे, आणि तिसरा टेलर. तिघांत मिळून एक दुर्बीण. कधी गंगापूर धरणाकडे, कधी त्र्यंबक रस्त्यावरच्या डोंगरांकडे आणि थंडीत हटकून नांदूरमधमेश्वरला. पाखरे पाहायला जातो असे सांगितले की मोहल्ल्यातली पोरे हसतात. "चाचा, नुसती पाहून येता? एखादे आणत नाही?"

या प्रश्नात चेष्टा असते, तशी थोडी आठवणही असते. आपल्या जुन्या घरांत शिकार ही काही परकी गोष्ट नव्हती. टेलरचे दादा दिंडोरीकडच्या माळावर फासे लावून तितर धरायचे, सशासाठी वाघूर लावायचे. ती वाघूर पुढे कितीतरी वर्षे त्यांच्या माळ्यावर पडून होती, उंदरांनी कुरतडून तिची दोरी झाली तेव्हा घरच्या बायकांनी ती कपडे वाळत घालायला वापरली. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हे सगळे गुन्ह्यात जमा झाले. त्याआधी 1951 चा मुंबई राज्याचा कायदा होताच, पण तो दादांपर्यंत कुणी पोचवला नव्हता.

कायदा दादांना ठाऊक नव्हता, अदब ठाऊक होती. दुसऱ्याच्या फाशात अडकलेला तितर काढून घ्यायचा नाही, ही पहिली. दुसरी याहून बारीक. फाशातला तितर जिवंत असेल आणि फास लावणारा जवळपास दिसत नसेल, तर बिस्मिल्लाह म्हणून तो जबह करायचा आणि तिथल्याच झुडपाला टांगून निघून जायचे. कारण गळा आवळून मेलेले पाखरू खाता येत नाही. मालक येईपर्यंत ते मुरदार झाले तर त्याची मेहनतही गेली आणि जीवही फुकट गेला. फास लावणारा बहुधा पारधी असायचा किंवा कोकणा, महादेव कोळी. त्याला हलाल-हरामशी कर्तव्य नसे. तरी दादा असे करत आणि तोही पुढे भेटला की हात वर करून ओळख देई. हे टेलर आम्हाला इतक्या वेळा सांगून चुकला आहे की आता आम्हीच त्याच्याआधी शेवट सांगून टाकतो.

मास्तर मात्र पोरांना सलीम अलींची गोष्ट सांगतात. मुंबईतल्या एका बोहरी घरातला अनाथ मुलगा, हातात एअरगन. एक चिमणी पडली तिच्या गळ्यावर पिवळा डाग. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी, पण तेही गोंधळले आणि त्यांनी पोराला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवले. पाखरू मारलेल्या हातानेच तो पाखरांच्या वाटेला लागला. पोरांना ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात आधी बंदूक आहे.

आता मुद्द्याची हकीकत. 2016 चा डिसेंबर होता. नाशिकजवळच्या एका धरणाच्या पाणलोटात, गाळपेराच्या कडेला, बाभळीच्या खुंटांवर नायलॉनचे लांबलचक जाळे पडलेले आम्हाला दिसले. त्याचे एक टोक घसरून पाण्यात गेले होते आणि त्या टोकात एक वारकरी अडकला होता. वारकरी म्हणजे ते काळे पाणपाखरू, कपाळावर पांढरा टिळा असलेले. पंख मारून मारून दमले होते. आजूबाजूला माणूस नाही, होडी नाही, चप्पल नाही. आम्ही हाका मारल्या. उत्तर नाही.

टेलरच्या खिशात कात्री असतेच. नायलॉनच्या धाग्याचा एक पीळ पाखराच्या पंखाच्या मुळाशी इतका रुतला होता की कापण्यावाचून इलाज नव्हता. तिथपर्यंत आम्ही बरोबर होतो असे आजही वाटते. वारकरी पाण्यात गेला, चार हात पोहला, लव्हाळ्यात शिरला. आम्हाला मोठा आनंद झाला. आणि त्या आनंदातच पुढची चूक झाली. असले बेवारस जाळे इथे ठेवले तर उद्या आणखी दहा पाखरे अडकतील, असे म्हणून आम्ही ते सबंध जाळे ठिकठिकाणी कापले, त्याचा गोळा केला आणि गाडीला बांधला. दर्याला टाकून दिलेली नायलॉनची जाळी मालकाशिवाय वर्षानुवर्षे मासे आणि कासवे मारत राहतात, हे मास्तरांनी कुठेतरी वाचलेले होते. ते खरेच आहे. फक्त हे जाळे टाकून दिलेले नव्हते.

बांधावरून खाली उतरताना तो समोरून आला. तिशीचा माणूस, डोक्यावर टोपले, बरोबर शाळेच्या गणवेशातली मुलगी. त्याने आधी गाडीवरचा गोळा पाहिला, मग आमच्याकडे पाहिले. ओरडला नाही. म्हणाला, "चाचा, वाळत घातलं होतं हो ते."

आम्ही पाखराचे सांगितले. तो म्हणाला, "वारकरी अडकतो कधीमधी. मी सोडून देतो. तो खाऊन कोणाचं पोट भरतंय?" मग गोळा सोडून त्याने कापलेली ठिकाणे मोजली. बोटांनी, एकेक. आम्ही तिघे त्याच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे, पण त्या वेळी खाली मान घालून उभे होतो. धरणातली मासेमारी ठेक्याने दिलेली असते. मच्छीमारांची सहकारी संस्था ठेका घेते आणि तिचे सभासद जाळी टाकतात. तो सभासद होता. त्याचा हक्क कागदावर होता. आमच्याकडे काय होते? चांगली नियत आणि एक कात्री.

आम्ही खिसे उलटे केले. साडेआठशे निघाले. नोटबंदीचे दिवस, एटीएममध्ये पैसे नव्हते. उरलेले पुढच्या रविवारी नेऊन दिले. दोन हजार ठरले होते, तो सोळाशेच घेईना का, म्हणू लागला की निम्मे जाळे त्याच्या बायकोने सांधले. आम्ही दोन हजार दिले. बायकोच्या त्या आठवड्याच्या मेहनतीचे काय, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही काढले नाही.

त्या रात्री मास्तरांनी फिकहची जुनी किताब काढली. हनफी मसाइलात जाळ्याचा चक्क एक मसला आहे. माणसाने जाळे शिकारीसाठी पसरले आणि त्यात शिकार आली तर ती जाळेवाल्याची. जाळे नुसते वाळत घातले असताना काही येऊन अडकले, तर जो आधी धरील त्याचे. म्हणजे जाळे तेच, दोरा तोच, पण पसरणाऱ्याच्या मनात काय होते त्यावर शिकारीची मालकी बदलते. वारकऱ्यापुरते आम्ही सुटलो, कारण जाळे वाळत होते. जाळ्यापुरते मात्र अडकलो. ते दोन्ही हिशेबांनी त्याचेच होते. आणि सापडलेल्या वस्तूचा, लुकत्याचा मसला तर आपल्याला लहानपणापासून पाठ: उचलली तर ती तुझ्याकडे अमानत, मालकासाठी पुकारा कर, मोलाची असेल तर वर्षभर कर. आम्ही पुकारा केला होता तो तीन हाकांचा.

हदीसच्या किताबांत एक प्रसंग येतो. हुजूर (स.) आणि सहाबा एहराम बांधून मक्केकडे निघालेले असताना रौहा या ठिकाणी एक जखमी रानगाढव पडलेले दिसले. त्यांनी सांगितले, त्याला असू द्या, त्याचा मालक येईलच. आणि खरोखर बहज कबिल्याचा तो शिकारी मागून आला आणि त्याने ते सगळ्यांना देऊन टाकले. किती वेळा वाज़मध्ये ऐकलेला हा प्रसंग! पण 'मालक येईलच' या शब्दांशी आम्ही कधी थांबलोच नव्हतो. उघड्या रानात पडलेल्या वस्तूकडे बघताना पहिला विचार हा की ती कुणाची तरी आहे आणि तो वाटेवर आहे.

मास्तरांचा भाचा अमेरिकेत मिशिगनला असतो. फोनवर त्याला ही हकीकत सांगितली तर तो हसला. तिकडे शिकार कायदेशीर आहे. हरणासाठी झाडाला मचाण बांधतात. सार्वजनिक जमिनीवर मचाण ठेवायचे तर त्यावर मालकाचे नाव-पत्ता लावणे तिथे सक्तीचे आहे. "मामू, नाव असले की भांडण मिटते," तो म्हणाला. मिटत असेल. आमच्याकडे फास लावणारा नाव कशाला लिहील? नाव लिहिले तर तुरुंग. म्हणून आपल्या रानातली हत्यारे सगळी निनावी.

हे निनावी प्रकरण आमच्यासमोर आले ते 2021 च्या पावसाळ्यानंतर. त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी रानडुकरांची पायवाट होती. तिथे दोन रोपट्यांच्या मध्ये, गुडघ्याखाली, तारेचा गोल फास. सेठ वाकला आणि एकदम म्हणाला, "ही क्लचची केबल आहे." आवरण सोललेले, आतली पिळाची तार. दुसऱ्या टोकाला शिशाचा मणी अजून तसाच होता. सेठ रोज असल्या दहा केबली विकतो. डुकरासाठी लावलेल्या अशा फासात बिबट्याही अडकतो, कंबरेत तार रुतून दिवसचे दिवस तडफडतो. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

मागच्या अनुभवाने टेलरने कात्री काढली नाही. आम्ही वाद घातला. हा फास टाकलेला की लावलेला? लावलेला, उघडच. मग मालक येईलच. पण हा मालक येऊ नये असे आम्हाला वाटत होते! कायद्यात फासे लावणे ही शिकारच, जनावर सापडो की न सापडो. गुन्ह्यात वापरलेला सापळा जप्त झाला की कलम 39 प्रमाणे तो सरकारी मालमत्ता होतो. म्हणजे लावणाऱ्याचा हक्क राहत नाही, पण म्हणून तो सापडणाऱ्याचाही होत नाही.

मास्तर म्हणाले, काढून वनखात्याच्या कचेरीत नेऊन देऊ. त्यावर सेठ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वाटेत कुणी गाडी थांबवली तर? तीन दाढीवाले, पिशवीत कात्री, डब्याच्या पिशवीत फास. कोण ऐकून घेईल आपण कुठून आलो ते?" हे बोलणे लिहावे की न लिहावे असे वाटले होते. पण तेव्हा तिघांच्याही मनात हेच आले होते, फक्त बोलला एकटा. अमानत उचलायलाही आधी माणसावर लोकांचा भरवसा लागतो.

शेवटी तारेचा गोल काडीने दाबून बंद केला, जनावराचे डोके जाणार नाही एवढा. बाकी हात लावला नाही. वनविभागाचा 1926 हा क्रमांक मास्तरांच्या मोबाइलमध्ये होता, त्यावर कळवले आणि तिथेच कातळावर बसून राहिलो. डब्यातले खिमा-पाव संपले, जोहर तिथेच पढलो. वनरक्षक आला तो पोरगेला, घामाघूम, मोटारसायकल खाली लावून चढलेला. त्याने फोटो घेतले, पंचनामा लिहिला, पंच म्हणून आमच्या सह्या घेतल्या. नावे वाचून एकदा वर पाहिले. मग म्हणाला, "काका, तुम्ही तार काढली नाही हे बरं केलंत. लोक काढून फेकून देतात, मग केस उभी राहत नाही." जाताना त्याने विचारले, ही तार कुठली असेल? सेठ म्हणाला, "माझ्याच दुकानातली असेल."

तो गंमत करत नव्हता. गॅरेजवाले जुनी केबल बदलतात, भंगारात टाकतात, भंगारातून ती किलोवर जाते आणि कुठे जाते ते कुणी विचारत नाही. विकलेल्या मालाची जबाबदारी विकणाऱ्यावर कुठवर, यावर मास्तरांच्या किताबात मसला सापडला नाही.

नांदूरमधमेश्वरला आम्ही अजून जातो. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथले ते जुने धरण, 1986 पासून अभयारण्य. 2020 च्या जानेवारीत ते राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. अभयारण्याच्या पाण्यात जाळे दिसले की आता आम्ही रक्षकाला सांगतो, बाहेर दिसले तर आधी माणूस शोधतो. गेल्या थंडीत पुन्हा त्या जुन्या पाणलोटात गेलो होतो. तो भेटला नाही. त्याची मुलगी आता कॉलेजात जाते असे बांधावर चारा कापणाऱ्या बाईने सांगितले. बाभळीवर जाळे वाळत होते, कोरडे ठणठणीत, एकही टोक पाण्यात नाही. टेलरने जवळ जाऊन सांधे पाहिले. त्याच्या धंद्याची नजर. म्हणाला, हात चांगला आहे बाईचा.

सेठच्या दुकानात काउंटरखाली आता लोखंड कापायची मोठी कैची असते. शेजारच्या गॅरेजमधून आलेली प्रत्येक जुनी केबल तो वीतभर तुकडे करूनच भंगाराच्या पोत्यात टाकतो. भंगारवाला कुरकुरतो, लांब तारेला गिऱ्हाईक असते म्हणतो.

"कसले गिऱ्हाईक?" सेठ विचारतो. भंगारवाला वजन करू लागतो.