रॉकेटात फक्त पाणी

कलाम साहेबांच्या नेतृत्वाखाली बनलेलं एसएलव्ही-३ हे रॉकेट २२ मीटर उंच होतं, वजन १७ टन, खालच्या टप्प्याचा व्यास १ मीटर. सगळ्याचा दहावा हिस्सा केला तर उंची सव्वासात फूट आणि व्यास १० सेंटिमीटर. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीची जाडी जवळपास तेवढीच भरते. हा शोध माझ्या नववीतल्या लेकीने एका वलीम्यात लावला. लोक बिर्याणीच्या मागे आणि ही फूटपट्टी घेऊन रिकाम्या बाटल्यांच्या मागे!

घरी आल्यावर तिने जाहीर केलं, "हे बनवायचं आणि उडवायचंही."

आमच्या जाफरनगरात कलाम साहेबांचं नाव किती अभिमानाने घेतात! पण त्या दिवशी घरात शांतता पसरली. ज्या नागपुरात अंबाझरीच्या आयुधनिर्माणीत पिनाक रॉकेटचे भाग बनतात, तिथे रॉकेट हा शब्द नवा नाही. तरी आपल्या मोहल्ल्यात, आपल्या गच्चीवर सात फुटी नळकांडं उभं राहिलं तर कोण काय समजेल, हे प्रत्येकाच्या मनात आलं. वाचकांनाही ते समजावून सांगायला नको.

लेकीच्या अब्बूंचं टायरचं दुकान आहे. त्यांनी अट घातली: फटाक्यातली चिमूटभर दारूही वापरायची नाही. सर्वात खालच्या बाटलीत एक तृतीयांश पाणी आणि त्यावर पंपाने भरलेली हवा. तोंड उघडलं की हवा पाण्याला खाली ढकलते आणि पाण्याच्या धक्क्याने रॉकेट वर जातं. हवेची बाटली कापलेली किंवा चेपलेली नको, साठ पौंडांच्या वर हवा नको, सगळ्यांनी वीस पावलं लांब उभं राहायचं आणि दोरी ओढूनच चाप सोडायचा. टायर फुटताना ज्याने पाहिलंय, तो हवेशी थट्टा करत नाही.

मी अर्ज लिहून पोलीस ठाण्यात गेले. माझा भाऊ यावर चिडला. "पाण्याच्या बाटलीसाठी अर्ज? बाकीच्यांची पोरं देतात का?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण लेकीने हे काम लपून नव्हे, दिवसाउजेडी करावं असं मला वाटत होतं. हवालदारांनी अर्ज दोनदा वाचला.

"यात भरणार काय?"

"पाणी."

"अन् अजून?"

"हवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शिक्का मारला.

कोराडीच्या पुढे ओळखीच्यांचं शेत होतं, सोयाबीन निघालेलं. रविवारी फजरनंतर आम्ही तिथे पोहोचलो. रॉकेट उठलं, लगेच आडवं झालं आणि धुऱ्यावर आपटलं. लेक कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग तिनेच सांगितलं की १० ऑगस्ट १९७९ ला खरं एसएलव्ही-३ सुद्धा बंगालच्या उपसागरात पडलं होतं. त्या दिवशी इस्रोचे प्रमुख सतीश धवन स्वतः पत्रकारांसमोर गेले होते. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा मात्र त्यांनी कलाम साहेबांना पुढे केलं. मला हा भाग यशापेक्षा मोठा वाटतो.

आमचा दोष साधा होता. रॉकेटचा तोल जिथे साधतो ती जागा टोकाच्या बाजूला हवी आणि वाऱ्याचा जोर मागच्या पंखांवर पडायला हवा. आमचं टोक पुठ्ठ्याचं, हलकंफूल. तिने त्यात मूठभर खेळण्याची माती भरली आणि पंख थोडे मोठे केले. ते मापात बसत नाहीत म्हणून तिला वाईट वाटलं, पण केले.

पुढच्या रविवारी तिने बिस्मिल्लाह म्हणून दोरी ओढली. रॉकेट दुमजली घराइतकं सरळ वर गेलं. वीस पावलांवरही पाण्याचे तुषार आले. उतरताना मात्र नाकावर पडलं आणि टोक चेपलं.

आता पॅराशूट करायचं आहे. दादीने त्यासाठी आपली जुनी ओढणी काढून दिली. लेक म्हणते ती जड होईल, पातळ पॉलिथिनच हवं. दोघींची बोलणी अजून चालू आहेत.