शार्दूलविक्रीडित आणि बाबांचं नाव

मंगलाष्टकं सुरू झाली की आपण काय करतो? मुठीत अक्षता धरून पंगतीत काय असेल याचा विचार. मीही तेच करायचो. पण धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि एक मंगलाष्टक लिहायचं काम माझ्याकडे आलं. आईच्या अटी दोनच. त्यात बाबांचं नाव आलं पाहिजे, आणि मांडवात कुणी रडता कामा नये. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. इतक्या परस्परविरोधी रिक्वायरमेंट्स आमचे क्लायंटसुद्धा देत नाहीत!

वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत १९ अक्षरं, गण म स ज स त त ग, बाराव्या अक्षरावर यती. लघूची एक आणि गुरूच्या दोन धरल्या तर मात्रा ३०. सुरुवातीला तीन दमदार गुरू, मग लघु-गुरूंची लगबग, थांबा, आणि उरलेली सात अक्षरं. सगळा मांडव ज्यात सूर मिसळतो ते संस्कृत ध्रुवपद मोजून बघा, बरोब्बर तीच सात अक्षरं भरतात.

यमकाचं टेन्शन नव्हतं. 'माळा-सोहळा' छापाची यमकं पिढ्यान् पिढ्या तयारच आहेत. अडलं ते बाबांच्या नावाशी. नाव चार अक्षरी: लघु, गुरू, लघु, लघु. ऱ्हस्व-दीर्घाची ओढाताण केली नाही, तर ते ओळीत एकाच जागी बसतं, सातव्या ते दहाव्या अक्षरावर. पुढे यतीपर्यंत उरतात दोन अक्षरं, लघु आणि गुरू. तिथे 'होते' घालून बघितलं. दोन्ही गुरू. वृत्ताने चक्क नाकारलं! 'असे' मात्र पटकन बसलं.

मला वाटलं, वृत्तानेच निकाल दिला. पण कम्पायलर फक्त सिंटॅक्स बघतो हो. त्याच जागी 'नसे' पण तितकंच चपखल बसतं. गण तोच, मात्रा त्याच, यमकालाही धक्का नाही. एका अक्षराने सगळा भाव फिरतो, आणि ते अक्षर कोणतं हे कुठलंच गणित सांगत नाही.

आईला दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. मेथी निवडता निवडता म्हणाली, "खरी दुसरी आहे रे. पण तू पहिली म्हण."

आता ओळ अशी झालीये की बाबांचं नाव येतं, 'असे' येतं, आणि लगेच यती. बाबा आहेत म्हणायचं आणि श्वास घ्यायला थांबायचं. तेवढी जागा वृत्तात आधीपासूनच होती.