सोरायसिस, ताट आणि रक्तातील चरबी

सोरायसिसचा रुग्ण समोर बसला की पहिला प्रश्न बहुधा औषधाविषयी नसतो, ताटाविषयी असतो. आणि तोही रुग्ण विचारीत नाही, सोबत आलेली सून किंवा मुलगा विचारतो. "डॉक्टरसाहेब, आईले वांगं देऊ का नाही? दूध बंद करू का?" ब्रह्मपुरीत मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आहे. या काळात वांगे, दूध, अंडी, मासे, आंबट, तेल, डाळ असे जवळजवळ सर्व पदार्थ कुणा ना कुणा रुग्णाच्या ताटातून हद्दपार झालेले मी पाहिले आहेत. भात मात्र कुणी कमी केल्याचे आठवत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुढे यायचे आहे.

आपल्या भागात या आजारावर आणखी एक सावली आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे कुष्ठरोगाचे जुने जिल्हे. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवनाचे काम सुरू केले ते याच मुलखात. त्यामुळे अंगावर चट्टा उठून कातडीचे पापुद्रे गळू लागले की घरातील वडीलधारी माणसे आधी महारोगाचेच नाव मनात आणतात. त्यांना हसण्याचे कारण नाही. युरोपातील वैद्यांनीही हे दोन रोग दीर्घकाळ एकाच नावाखाली ठेवले होते. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ मध्ये त्यांची स्पष्ट फारकत केली. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरील संवेदना मंदावते किंवा जाते. सोरायसिसच्या चट्ट्यावर ती शाबूत असते. चट्टा जाड असतो, त्यावर चंदेरी खवले असतात, आणि कोपर, गुडघे, कंबर व डोक्याची त्वचा ही त्याची आवडती ठाणी. आपल्या सावळ्या वर्णावर तो लाल दिसेलच असे नाही, जांभळट किंवा तपकिरीही दिसतो. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ च्या ठरावात तो असंसर्गजन्य असल्याचे नोंदवले आहे. कुष्ठरोगाची शंका असली तरी सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध मोफत मिळते आणि तो रोगही पूर्ण बरा होतो. तेव्हा वेगळे ताट दोघांनाही नको.

हे सांगण्याचे कारण म्हणजे वैनगंगेकाठच्या एका गावातून आलेल्या अडुसष्ट वर्षांच्या आजी. वर्षभर त्या सपरीत वेगळ्या बसून जेवत होत्या. त्यांच्यावर माया नव्हती असे नाही. नातू लहान, म्हणून घरच्यांना भीती. पथ्य म्हणून डाळ, दूध, अंडी, मासळी आणि तेल बंद. उरले काय? तीन वेळा भात, दोडक्याची उकड आणि दिवसातून चार-पाच वेळा गोड चहा. वजन ४४ किलो. तपासणीत ट्रायग्लिसराइड ३१२ आणि चांगले समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल ३१ निघाले. मुलगा अहवालाकडे पाहत म्हणाला, "साहेब, तेल तर वर्षापासून बंद आहे, मग ही चरबी आली कुठून?"

प्रश्न चोख होता. रक्तातील चरबी केवळ तेलातून येत नाही. भात, साखर, मैदा यांचा जो भाग शरीराला तत्काळ लागत नाही, त्याचे यकृत ट्रायग्लिसराइड बनवते. म्हणूनच किडकिडीत माणसाच्या रक्तातही ते वाढलेले सापडते. आपल्या देशात हे चित्र नेहमीचे आहे. आजींच्या बाबतीत आणखी एक कारण पिशवीच्या तळाशी होते: कुणीतरी दिलेल्या कागदी पुड्या, ज्यांत पांढऱ्या गोळ्या होत्या. त्या स्टेरॉइडच्या होत्या. त्यांनी खाज थांबे, भूक लागे, आणि आत साखर व चरबी दोन्ही चढत असे.

सोरायसिसचा चरबीशी संबंध मात्र याहून खोल आहे. निरोगी त्वचेचा वरचा थर पालटायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हे काम तीन ते पाच दिवसांत उरकले जाते, म्हणून खवले साचतात. यामागे शरीराच्या संरक्षण-यंत्रणेने पेटता ठेवलेला दाह असतो, आणि त्या दाहाचे निरोप नेणारी द्रव्ये त्वचेपुरती थांबत नाहीत. ती रक्तातून यकृतापर्यंत आणि हृदयाच्या वाहिन्यांच्या अस्तरापर्यंत पोहोचतात. त्यामुळे या रुग्णांत ट्रायग्लिसराइड व एलडीएल वाढलेले आणि एचडीएल घटलेले वारंवार आढळते, आणि आजार तीव्र असेल तर हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सोरायसिसची गणना धोका वाढविणाऱ्या आजारांत केली आहे. उलट दिशेनेही हे चक्र फिरते: पोटावरची चरबी स्वतःच दाह निर्माण करते. १९३० च्या दशकात जर्मनीत ग्रुट्झ आणि बुर्गर यांनी सोरायसिस हा मुळात चरबीच्या चयापचयाचाच विकार आहे असे मांडून अत्यल्प तेलाचा आहार सुचवला होता. तेवढे सरळ उत्तर टिकले नाही, परंतु त्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता.

मग खावे काय? कोणताही एक पदार्थ बंद केल्याने सोरायसिस बरा होत नाही. वांग्याविरुद्ध माझ्याकडे काही पुरावा नाही. गव्हाचे पथ्य ज्यांना सिलिअॅक हा आतड्याचा आजार आहे त्यांच्यासाठी. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी ते ५ ते १० टक्के उतरवले तर चट्ट्यांत फरक पडतो, औषधही अधिक लागू पडते. आहाराच्या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा याचाच आहे. पण ४४ किलोच्या आजींना उपास घडवणे म्हणजे अन्याय. गळणाऱ्या खवल्यांबरोबर प्रथिने जातात, ती डाळ, दूध, अंड्यांतून भरून काढावी लागतात.

भाताविषयी बोलताना मला जपून बोलावे लागते. आपण धानाच्या मुलखातील माणसे. नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेला एचएमटी तांदूळ घरोघरी शिजतो, त्या तांदळाला नाव ठेवण्याची माझी छाती नाही. भात सोडू नका. ताटातला त्याचा डोंगर उतरवा आणि मोकळ्या झालेल्या जागेत घट्ट वरण, पालेभाजी, तलावातील मासळी येऊ द्या. चहातली साखर मात्र निर्दयपणे कमी करा. तेल एका माणसाला महिन्याला अर्धा लिटर, फार तर पाऊण. भज्यांच्या कढईत उरलेले तेल पुन्हा तापवू नये. जवसाची चटणी आपल्याकडे आजही होते, ती अवश्य खावी. जवसात ओमेगा-३ असते, पण त्यातील थोड्याच भागाचे शरीर माशांतल्या प्रकारात रूपांतर करते. त्याने सोरायसिस जातो, असे कुणी सांगितले तर मान डोलावू नका.

दारूबद्दल थोडक्यात: आपल्या जिल्ह्यात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली, नदीपलीकडे गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. मोहाची असो वा बाटलीतली, दारू चट्टे भडकवते आणि ट्रायग्लिसराइड वाढवते. बिडीचेही तेच. खर्रा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे.

काळजी घेणाऱ्यांनी औषधांकडे विशेष लक्ष द्यावे. मेथोट्रेक्सेट ही गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. विसराळू आजोबांनी ती रोज घेतली तर जिवावर बेतते. वार कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा आणि डबी आपल्याकडे ठेवा. असिट्रेटिनने ट्रायग्लिसराइड वाढते. हिवतापाच्या क्लोरोक्विनने आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी चट्टे उसळू शकतात. म्हणून हिवतापाचे औषध घेण्यापूर्वी सोरायसिस असल्याचे सांगावे, औषध मात्र टाळू नये. पोटात घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबवले तर अंगभर उद्रेक होतो. आजींच्या पुड्या मी त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने पायरीपायरीने उतरवल्या, त्याला अडीच महिने लागले.

सहा महिन्यांनी त्यांचे ट्रायग्लिसराइड १७८ झाले. कोपरांवरचे चट्टे आहेतच. सुनेने त्यांचे ताट स्वयंपाकघरात परत आणले ते अहवाल येण्याच्या आधीच, पहिल्या भेटीच्या रात्री.

आपल्या घरी सोरायसिसचे ज्येष्ठ रुग्ण असतील तर वर्षातून एकदा रक्तातील चरबी, साखर, रक्तदाब, वजन आणि कमरेचा घेर तपासून घ्या. सकाळी बोटे आखडत असतील, सांधे सुजत असतील, नखांवर खळगे पडले असतील तर तेही सांगा. हा आजार सांध्यांतही शिरतो. चरबी कमी करणारी स्टॅटिन गोळी दिली तर ती हृदयासाठी आहे, चट्टे जाण्याची वाट पाहून ती सोडू नका. आणि दवाखान्यात येताना घरातील सर्व पाकिटे, मलमांच्या नळ्या पिशवीत भरून आणा. जुनी चिठ्ठी हरवली असली तरी चालेल; कागदाच्या पुडीतील गोळी तेवढी न विसरता आणा.