उंबरठ्यावर

फेज शहराच्या जुन्या वस्तीत शिरताना बाब बू जलूद नावाची भव्य वेस लागते. १९१३ साली बांधलेल्या या वेशीची नक्षी बाहेरून निळी आणि आतून हिरवी आहे. तिच्याखाली उभे राहून आमच्या मार्गदर्शकाने आम्हां अठरा जणांना मोजले आणि तो म्हणाला, "माझ्या लाल टोपीवर नजर ठेवा. आत नकाशाचा काही उपयोग होत नाही."

वसईतील माझ्या धर्मग्रामातील मंडळींना घेऊन मी पोर्तुगाल आणि स्पेनच्या यात्रेला गेलो होतो. फातिमामातेचे दर्शन झाले, स्पेनमधील तीर्थस्थाने झाली आणि शेवटचे तीन दिवस सामुद्रधुनी ओलांडून मोरोक्कोत घालवायचे ठरले. "पुण्याचा भाग संपला, फादर, आता पाहण्याचा," असे आमच्यातील एक आजोबा बोटीवर म्हणाले होते.

आमचा मार्गदर्शक सत्तरीचा असावा. अंगात राखाडी जलाबा, गळ्यात सरकारी परवान्याचा बिल्ला. इंग्रजी मोडके, पण आवाजात शाळामास्तरांची जरब आणि आजोबांचा जिव्हाळा. तालआ कबीराच्या उतरत्या गल्लीत मागून "बालाक! बालाक!" अशी हाक आली, की तो हात आडवा धरून आम्हांला भिंतीशी लावी आणि कातड्यांचे ओझे वाहणारे खेचर आम्हांला घासून पुढे जाई. या गल्ल्यांत मोटार शिरू शकत नाही. १९८१ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेले हे शहर आजही खेचराच्या पाठीवरून आपला माल वाहते.

बू इनानिया या मदरशाच्या चौकात त्याने आम्हांला थांबवले. १३५० ते १३५५ या काळात बांधलेली ही वास्तू. खाली रंगीत चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी, मध्ये गिलाव्यात कोरलेली अक्षरे, वर देवदाराचे काळवंडलेले लाकूडकाम. तिथे त्याने आम्हांला करवीयीन मशिदीची कथा सांगितली. कैरवानहून आलेल्या कुटुंबातील फातिमा अल्-फिहरी या स्त्रीने वडिलोपार्जित धन खर्चून ८५९ साली ती उभारली, अशी परंपरा आहे. पुढे ती मोठे विद्यापीठ बनली. नाव ऐकताच आमच्या भगिनींचे चेहरे उजळले. "फादर, ही आपलीच फातिमा का?" एकीने विचारले. मी हसून सांगितले, की नाही. मात्र पोर्तुगालमधल्या त्या गावाचे नावही मूळचे अरबीच आहे.

मग माझ्या गळ्यातील क्रूसाकडे पाहत तो म्हणाला, "आणि फादर, तुमचा एक पोप आमचा विद्यार्थी होता. दुसरा सिल्व्हेस्टर. तो इथे शिकला आणि इथूनच अंक घेऊन युरोपात गेला."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. माझ्यातला सेमिनरीचा विद्यार्थी मात्र जागा झाला. चर्चचा इतिहास शिकवणारे आमचे प्राध्यापक म्हणत, की पुरावा नसलेली गोष्ट कितीही गोड असली तरी ती इतिहास होत नाही. मी सर्वांसमक्ष सांगून टाकले, की पोप दुसरे सिल्व्हेस्टर, म्हणजे पूर्वाश्रमीचे गेर्बेर, फेजला आल्याचा कोणताही समकालीन पुरावा नाही. ९६७ च्या सुमारास ते गणित शिकण्यासाठी कॅटलोनियात, विकच्या बिशपांकडे गेले होते. त्यांचा शिष्य रिशे याने तसे लिहून ठेवले आहे.

म्हातारा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. "असेलही," एवढेच तो म्हणाला.

मी बोललो ते खरे होते. परंतु त्यानंतर त्या माणसाच्या कथाच आटल्या. पुढच्या प्रत्येक ठिकाणी तो नाव आणि साल सांगे आणि चालू लागे. आजोबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "फादर, त्याने आपल्या पोपला आपल्या घरचा मुलगा म्हटले होते हो."

अत्तारांच्या बाजारातून करवीयीनच्या दारापाशी आलो, तोच अजान झाली. मोरोक्कोतील बहुतेक मशिदींप्रमाणे येथेही मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. "पंधरा मिनिटे," असे म्हणून तो वहाणा हातात घेऊन आत गेला. उंबरठ्याबाहेर आम्ही उभे राहिलो. उघड्या दारातून पांढऱ्या कमानी दिसत होत्या, चौकातले कारंजे दिसत होते. हमाल, विद्यार्थी, दुकानदार आमच्या बाजूने आत जात होते. वेदीपर्यंत सहज चालत जाणाऱ्या मला कोणत्याही प्रार्थनास्थळाच्या दाराबाहेर असे थांबण्याची सवय नव्हती.

तेथे उभा असताना मला माझेच भुयार आठवले. दरवर्षी प्रथम कम्युनियन घेणाऱ्या मुलांना मी वसईचा किल्ला दाखवायला नेतो. १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकलेल्या त्या किल्ल्यात, पडक्या चर्चच्या सावलीत बसून मी त्यांना खाडीखालून पलीकडे निघणाऱ्या भुयाराची गोष्ट सांगतो. मुलांचे डोळे विस्फारतात. त्याला पुरावा कोणता? माझ्या आजोबांनी मला सांगितले, एवढाच. आजवर कोणी पाहुण्याने मला त्या मुलांसमोर अडवले नाही. आणि अडवले असते, तर?

तो बाहेर आला तेव्हा त्याचे हात अजून ओले होते. मी पुढे होऊन म्हणालो, "मी मघाशी सर्वांसमोर बोलायला नको होते." त्याने हात हलवून विषय झटकला. तरी मी बोलत राहिलो. गेर्बेर येथे आले नसतील. पण त्यांनी युरोपात ज्या अंकांचा परिचय करून दिला, ते अरबांकडूनच स्पेनमध्ये पोचले होते. आणि अरबांकडे ते आले होते माझ्या देशातून. "म्हणजे पोप तुमच्या दारी आले नाहीत, तरी तुमच्या लोकांचे शिष्य होतेच," मी म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग खिशातून मदरशाचे तिकीट काढून त्याने माझ्यापुढे धरले. "त्या गावाचे नाव काय म्हणालात?" मी 'विक' असे सांगितले. अरबी अक्षरांत त्याने ते मागच्या कोऱ्या बाजूवर टिपले आणि तिकीट जपून ठेवले. "उद्यापासून मी दोन्ही सांगेन," तो म्हणाला. "माझी गोष्ट आधी."

त्यानंतर तो पुन्हा खुलला. चामडी कमावण्याच्या हौदांवरच्या गच्चीत त्याने प्रत्येकाच्या हाती पुदिन्याची काडी दिली. चुना आणि कबुतरांची विष्ठा घालून कातडे मऊ करण्याची रीत त्याने इतकी रंगवून सांगितली, की नाक दाबून धरलेल्या आमच्या भगिनीही हसू लागल्या. यातला कोणता तपशील पदरचा होता, हे मी विचारले नाही.

परतल्यावर मुलांची सहल नेहमीप्रमाणे किल्ल्यात गेली. भुयाराची वेळ आली तेव्हा मी जरा अडखळलो. मग म्हणालो, "माझे आजोबा सांगत, की येथून एक भुयार निघते. मला ते कधी सापडले नाही." मुलांच्या डोळ्यांतील कुतूहल मावळेल, असे मला वाटले होते. पण मागच्या रांगेतला एक मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "फादर, मग आपण शोधू या ना!"