घसरण्याचे शास्त्र

मराठीत 'घसरणे' या क्रियापदाला फारशी प्रतिष्ठा नाही. पाय घसरतो, जीभ घसरते, रुपया घसरतो. क्लचच्या बाबतीत मात्र घसरणे हे कर्तव्यही आहे आणि व्याधीही. इंजिन फिरत असते, चाके स्थिर असतात. या दोहोंची गाठ घालताना क्लच प्लेटला क्षणभर घसरावेच लागते आणि एकदा गाठ पडली की तिने तसूभरही घसरता कामा नये. आमच्या गाडीची प्लेट या दुसऱ्या नियमाला जुमानेनाशी झाली आणि महिनाभर आम्ही नाना पेठेत खेटे घातले.

गाडी म्हणजे चाकणला तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीडीआय, दीड लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनाची. आम्ही ती जुनी विकत घेतली तेव्हाच तिच्या इंजिनाच्या संगणकाची आज्ञावली आधीच्या हौशी मालकाने बदलून घेतली होती. कारखान्याने या इंजिनाला २५० न्यूटन-मीटर टॉर्क दिला होता. नव्या आज्ञावलीच्या कागदावर ३२० चा आकडा होता. (१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ हौशी फेरफारांचे लाड करीत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.) टर्बो डिझेलचा जोर दीड-दोन हजार फेऱ्यांनाच उसळतो. कात्रजच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला, की फेऱ्यांचा काटा उडी मारी, वेगाचा जागचा हलत नसे आणि मागाहून जळका वास येई.

क्लच किती टॉर्क पेलणार हे चार गोष्टींवर ठरते: अस्तराचे घर्षण, प्रेशर प्लेटचा दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. त्रिज्या फ्लायव्हीलने बांधून टाकलेली. बाजू दोनच, कारण दोन प्लेटांचा संच आमच्या खिशाला झेपणारा नव्हता. उरले घर्षण आणि दाब. बाजारातले सारे वक्तृत्व या दोन शब्दांभोवती फिरते.

पहिल्या दुकानदाराने सिरॅमिकची प्लेट पुढे केली. तांबे आणि सिरॅमिकची भुकटी भाजून केलेल्या तिच्या जाड गुंड्या उष्णतेला दाद देत नाहीत, पकडही जबरदस्त. पण ही प्लेट घसरायलाच तयार नसते. शर्यतीत तो गुण. नळस्टॉपच्या गर्दीत, जिथे पावलापावलाने सरकायचे असते, तिथे तीच गाडी अडखळत, थरथरत निघते. दुसऱ्याने जुन्या प्लेटला नवे अस्तर रिव्हेट करून देण्याचा तोडगा सुचवला. सर्वांत स्वस्त, यात वाद नाही, आणि या शहरातले कितीतरी टेम्पो त्यावर सुखाने चालत असतील. पण क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि ती मजुरी प्लेट कोणतीही घातली तरी तेवढीच. वाढीव टॉर्कखाली अस्तराने वर्षभरात मान टाकली तर ती दोनदा मोजावी लागणार. त्या स्वस्ताईत आम्हाला राम दिसेना.

तिसरा पर्याय मूळ धाटणीच्या अस्तराचा, पण बऱ्याच कडक स्प्रिंगच्या प्रेशर प्लेटचा. ३२० न्यूटन-मीटर तिने निमूट पेलले असते. आम्ही होकार देणार, तोच सौ. नी मिस्त्रींना विचारले, "पेडल किती जड होईल?" गाडी आमच्या हौसेची खरी, पण कोथरूडहून चाकणला रोज ती चालवतात त्या सौ., आणि त्यांचा डावा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतो आहे. तसाच संच बसवलेली एक गाडी मिस्त्रींकडे आली होती. "वहिनी, तुम्हीच बघा दाबून," ते म्हणाले. सौ. नी वीसेक वेळा पेडल दाबले, उतरल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "अहो, मूळची आज्ञावली परत घालून साधा कंपनीचाच संच का नाही बसवत?"

प्रश्न रास्त होता. खर्चाच्या आणि गुडघ्याच्या, दोन्ही हिशेबांनी त्याहून चांगले उत्तर नव्हते. आडवी येत होती ती रविवारी खंबाटकीच्या चढावर पाठीला बसणारी एक ढकल. पन्नाशीच्या माणसाने तिचे समर्थन करू नये, पण ती सोडवतही नाही.

घासाघीस झाली, ती दुकानदाराशी नव्हे, घरातच. आज्ञावलीतला जोर २९० वर आणायचा, विशेषतः खालच्या फेऱ्यांतला. म्हणजे मूळ प्लेटहून पाचव्या हिश्शाने जास्त दाब पुरतो आणि पेडलही फारसे जड होत नाही. रिलीज बेअरिंग आणि क्रँकचे मागचे ऑइल सील त्याच वेळी बदलून घेतले, कारण गिअरबॉक्स खाली असताना त्यांची मजुरी नाममात्र पडते. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळे डाग होते, पण तडा नव्हता. उतरवलेल्या प्लेटचे रिव्हेट एका बाजूला उघडे पडले होते.

नवे अस्तर बसेपर्यंत आठशे किलोमीटर जोर काढायचा नाही, असे मिस्त्रींनी बजावले आहे. चाकणच्या फेऱ्यांत मोजता साधारण अकरा दिवस. तोवर किल्ली सौ. च्या पर्समध्ये राहील, असे ठरले आहे.