दहा ते अकरा

आमच्या घरात भिंतीवर दोन कात्रणं खळीनं चिकटवलेली असत. एक वर्तमानपत्रात आलेल्या टीव्हीच्या कार्यक्रमांचं, दुसरं भारनियमनाच्या वेळांचं. शुक्रवारी शाळेतून आलो की दप्तर टाकून मी दोन्हींवरून बोट फिरवायचो. सोनीवर रात्री दहाला ‘सीआयडी’. आणि आमच्या गावाला लाइट कुठवर? साडेदहा लिहिलेलं असलं की पोटात खड्डा पडायचा. खून बघायला मिळणार, खुनी नाही.

तिसरं वेळापत्रक भिंतीवर नव्हतं, पण सगळं घर त्यावरच चालायचं. दसरा झाला की मुकादमाची गाडी यायची आणि माय-दादा कोयता घेऊन कोल्हापूरकडं ऊस तोडायला जायचे. परतायचे ते उन्हाळ्यात, कारखान्याचा पट्टा पडल्यावर. तोवर परळी तालुक्यातल्या आमच्या गावात मी आणि आजी. टीव्ही शेजारच्या काकूंच्या ओसरीत. केबलची काळी वायर खांबावरून, बाभळीवरून झोके घेत तिथवर आलेली.

आजीला हिंदी अर्धंमुर्धं कळायचं. ती बोलण्याकडं लक्षच द्यायची नाही, माणसांच्या हातांकडं बघायची. “बग, कसा हात चोळायलाय,” म्हणायची. बऱ्याचदा तिचंच खरं निघायचं. एसीपी प्रद्युम्न झालेल्या शिवाजी साटम यांना ती ‘आपला माणूस’ म्हणायची, आणि ते खरंच होतं. 1998च्या जानेवारीत ‘सीआयडी’ सुरू होण्याच्या कितीतरी आधी तिचे निर्माते बी. पी. सिंग यांनीच दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ ही मराठी पोलीस मालिका केली होती, आणि साटम तिच्यातही होते. दयानंद शेट्टींचा दया खांद्यानं दार तोडायचा तेव्हा मात्र आजी तोंड फिरवायची. सागवानी दार दिसतंय, म्हणायची, बसवायला किती वर्षं लागली असतील. आमच्या दाराला पत्रा होता आणि आतून एक कडी. माय-दादा गेले की ती कडी रोज रात्री आजी स्वतःच्या हातानं लावायची.

लाइट जायची तेव्हा पडद्यावरचं चित्र आकसत आकसत मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा. मग तोही विझायचा. आम्ही माळवदावर जायचो. गाव काळंमिट्ट, आणि लांबवर परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे लुकलुकत असलेले. वीज आमच्या डोळ्यांदेखत तयार होत होती. त्या दिव्यांकडं बघत बघत उरलेला तपास आम्हीच करायचो. काकूंचा संशय नेहमी नोकरावर, माझा वकिलावर. आजी हाताची गोष्ट सांगायची आणि गप्प बसायची. शनिवारी सकाळच्या शाळेत परळीची पोरं खरा निकाल सांगायची. 2004 साली या मालिकेनं 111 मिनिटांचा अख्खा भाग कुठंही न तोडता एका सलग शॉटमध्ये केला होता, हे मी पुढं वाचलं, तेव्हा मला ओसरीतला तो पांढरा ठिपका आठवला. सलग एक तासही तेव्हा आमच्या वाट्याला क्वचितच यायचा.

आम्ही बघत होतो याची नोंदही कुठं होत नव्हती. कोणती मालिका किती वाजता लावायची हे शहरांतल्या मीटरांवरून ठरायचं. खेड्यांतलं बघणं धरून आकडे द्यायला प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ संस्थेनं 2015च्या ऑक्टोबरात सुरुवात केली. त्याच वर्षीच्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद पडले होते.

माय वैशाखात परतायची तेव्हा तिच्या तळहातांवर उसाच्या पाचटाचे बारीक काप असायचे. रात्री हाताला तेल चोळत ती ओसरीत येऊन बसायची. सासू-सुनांच्या मालिका तिला नको असायच्या. सहा महिन्यांत त्या कुठल्या कुठं गेलेल्या असत. “कोन मेलं, कोन जित्तं हाय, कुनाला इचारू?” ‘सीआयडी’चं तसं नव्हतं. सुरुवातीच्या काळात एकेक प्रकरण एकाहून जास्त आठवडे चालायचं, पण पुढं बहुतेक वेळा त्याच रात्री मिटायला लागलं. माय गेली तेव्हा प्रद्युम्न जिथं उभा होता, परत आली तेव्हाही तिथंच. तिचं वर्षच मधोमध तोडलेलं होतं. अशा माणसाला एका रात्रीत सुरू होऊन त्याच रात्री संपणारी गोष्टच आपली वाटते, असं मला मनापासून वाटतं. तिला खुनाचं कौतुक नव्हतं. मुकादमाची उचल कधी पुरती फिटायची नाही, दर सालच्या हिशोबात काहीतरी बाकी निघायचीच. इथं मात्र अकराच्या आत सगळं चुकतं व्हायचं. ते बघताना तिचा चेहरा सैल पडायचा, आणि तो बघायला मी टीव्हीकडं पाठ करून बसायचो.

2018च्या ऑक्टोबरात मालिका थांबली. आजी त्याआधीच गेली होती.

मग 2024चा डिसेंबर आला. 9 तारखेला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. तपास राज्याच्या सीआयडीकडे गेला. आमच्या घरातल्या टीव्हीवर, खालच्या पट्टीत, दिवसभर तीच अक्षरं सरकत राहिली. मायचे गुडघे गेलेत, आता ती घरीच असते. बातम्या बघताना पदर तोंडाशी धरायची. आमच्याच जिल्ह्यातलं गाव, तिथली माणसं आमच्यासारखीच बोलणारी. आणि त्याच महिन्यात, 21 तारखेच्या शनिवारी रात्री दहाला, सोनीवर ‘सीआयडी’ पुन्हा सुरू झालं.

मी चॅनल बदललं. प्रद्युम्न दिसला, थकलेला, केस पांढरे झालेले. माय पुढं सरकली. “हेच का रं ते? केजला आलेले?”

“न्हाई माय. ही मालिका हाय.”

ती काही बोलली नाही. हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बघत राहिली. मधे लाइट गेली नाही. अकरा वाजून गेले तरी तिनं टीव्ही बंद करू दिला नाही. मग गुडघ्यावर हात टेकत उठली, दाराशी गेली आणि मी मघाशीच लावलेली कडी काढून पुन्हा स्वतःच्या हातानं लावली.